गेटाबाहेरचे वाघ

व्याघ्रप्रेमी : सरकारी काम म्हटलं की आपण आधी नाक मुरडतो. पण या राज्यात सरकारनं हाती घेतलेलं एक काम अपेक्षेपेक्षा जास्त साधलं, आणि ते चंद्रपूर जिल्ह्यात साधलं. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. तेव्हा ते जेमतेम ११६ चौरस किलोमीटरचं होतं. १९८६ला शेजारी अंधारी अभयारण्य झालं, १९९५ला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१०ला भोवती अकराशे चौरस किलोमीटरचं बफर आलं. २००६च्या गणनेत अख्ख्या महाराष्ट्रात १०३ वाघ निघाले होते. २०२२ला निघाले ४४४, आणि त्यातले ९७ ताडोबा-अंधारीतले. या शतकाच्या सुरुवातीला राजस्थानच्या सरिस्कात एकही वाघ उरला नाही म्हणून देश हादरला होता, हे आठवलं की या आकड्याची किंमत कळते. आणि नुसता वाघच नाही. रानकुत्र्यांच्या टोळ्या आहेत, रानगवे आहेत, अस्वलं आहेत, ताडोबा तलावात मगरी आहेत. साग-बांबूचं हे रान चाळीस-पंचेचाळीस अंश तापमानात उभं असतं आणि तरी त्याच्या पोटातलं पाणी टिकतं. एवढं सगळं कोळशाच्या पट्ट्यात, वीज केंद्राच्या शेजारी जगवलं. यात खोट काढायची तर काढा, पण आधी हे मान्य करून काढा.

शंकेखोर : मान्य. वाघ वाढले यावर माझा वादच नाही. ते वाढलेले वाघ राहतात कुठे, तेवढं बघू. वनखात्याचे अधिकारीच जिल्ह्यात दोनशेच्या वर वाघ असल्याचं सांगतात. त्यातले ९७ प्रकल्पात. उरलेले? ते ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या भागात आहेत. तिथं गेट नाही, तिकीट नाही, गाइड नाही. धानाची बांधी आहे, दर गावाला एकदोन मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, तलावाच्या पाळीला झुडपं आहेत आणि झुडपांना लागून जंगलाचा तुकडा आहे. वाघाला याहून काय हवं? पाणी आहे, आडोसा आहे, रानडुकरं आहेत, गाई-म्हशी आहेत. माझ्या नात्यातली माणसं त्याच बांध्यांत चिखलणी करतात. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात मेंढामाळच्या जंगलात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघानं मारल्या. त्याच महिन्यात जिल्ह्यात दहाच्या आसपास माणसं गेली, बहुतेक तेंदूच्या हंगामातली. २०२२ साली तर वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांत जिल्ह्यातली पन्नासच्या आसपास माणसं गेली होती. तुम्ही ९७ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर ताडोबातल्या पांढरपौनीचा पाणवठा येतो. माझ्यासमोर ९७च्या पलीकडचे वाघ येतात.

व्याघ्रप्रेमी : ते मृत्यू हलके करण्याचा माझा हेतू नाही. पण कसे होतात ते नीट पाहिलं नाही तर आपण वाघाला खुनी ठरवून मोकळे होऊ. तेंदूचं पान मे महिन्यात खुडतात. ऊन चढायच्या आत जुड्या बांधून खरेदीच्या फळीवर पोचवायच्या असतात, म्हणून माणसं पहाटे अंधारातच जंगलात शिरतात. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये, तीही पहाटेच वेचायची. वाघाच्या हालचालीचीही हीच वेळ. त्यात पानं खुडणारी बाई वाकलेली असते, बसलेली असते. उभा माणूस वाघाच्या भक्ष्यात बसत नाही, वाकलेला माणूस झुडपाआडून चार पायांच्या जनावरासारखा दिसू शकतो. आणि मे महिन्यात पाणी आटलेलं, वाघीण पिल्लांसह उरल्यासुरल्या पाणवठ्याजवळ. बहुतेक हल्ले जंगलात झालेत, घरात शिरून झालेले नाहीत. म्हणून उपाय आहेत. गावागावांत प्राथमिक कृती दलं आहेत, सीतारामपेठसारख्या गावात वाघ जवळ आला की इशारा देणारे कॅमेरे लावलेत. घोळक्यानं जा, उजाडल्यावर जा, हे सांगितलं जातं.

शंकेखोर : उजाडल्यावर जा हे सांगणाऱ्यानं तेंदू कधी तोडलेला नाही. उशिरा गेलं की जवळची पानं संपलेली असतात, मग आणखी आत जावं लागतं. घोळक्यानं जा म्हणता, पण एका झाडाखाली घोळका काय तोडणार? पानं शोधायला पांगावंच लागतं. वर्षातले ते पंधरा-वीस दिवस म्हणजे घरातली शाळेची फी, औषधं आणि खरिपाचं बी-बियाणं. आणि जंगलात मेली म्हणजे तिची चूक, हा सूर मला झेपत नाही. त्याच पहाटे, त्याच जंगलात, पुण्या-मुंबईहून आलेला माणूसही शिरतो. तो जिप्सीत बसून शिरतो आणि तिच्या पायात चप्पल असते. त्याला वाघ दिसला तर ती सायटिंग, तिला दिसला तर पंचनामा.

आता नावांबद्दल बोलू. तुमच्या लोकांना वाघांना नावं द्यायची हौस आहे. माया, मटकासूर, वाघडोह. मायाचे फोटो जगभर गेले. २०२१च्या नोव्हेंबरात कोलारा भागात गणनेसाठी पायी फिरणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मेली, आणि ती वाघीण माया असल्याचं सांगितलं गेलं. सरकारी ड्युटीवर, सरकारी वाघ मोजताना. त्यानंतर मायाचं काय झालं? काही नाही. पर्यटक तिच्यासाठी येतच राहिले. २०२३ला ती दिसेनाशी झाली, मग हाडं सापडली, आणि लोकांनी श्रद्धांजल्या लिहिल्या. वनरक्षकाच्या त्या मृत्यूआधी तीनच वर्षं, २०१८च्या नोव्हेंबरात, यवतमाळच्या पांढरकवड्याकडे अवनी वाघिणीला गोळी घातली. तिच्यामागे दहा महिन्यांची पिल्लं होती. दोघींत फरक काय? एकीभोवती कॅमेरे होते आणि दुसरीभोवती कापसाची शेतं.

व्याघ्रप्रेमी : फरक आहे, आणि तो कॅमेऱ्याचा नाही. अवनीच्या नावावर १३ माणसं होती, दोन वर्षांत, गावांच्या शिवारात. सर्वोच्च न्यायालयानंही तो आदेश थांबवला नाही. मायाचा तो एक प्रसंग, तोही कोअरमध्ये, तिच्या हद्दीत. पथकानं तिला रस्त्यावर बसलेली पाहिलं, वाट पाहिली आणि मग झाडीतून वळसा घ्यायचा प्रयत्न केला, असं तेव्हा पुढे आलं. वाघीण वाघिणीसारखंच वागली. माणसावर वारंवार, शोधून हल्ला करणारा वाघ आणि अचानक समोर आल्यावर उसळणारा वाघ, हा भेद प्रसिद्धीवर ठरत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचं ११वं कलम हेच सांगतं की माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला वाघ मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशानं पकडता येतो, अगदीच इलाज नसेल तर मारताही येतो. तो आदेश रागाच्या भरात निघू नये म्हणून तर कायदा आहे. वनरक्षकाच्या घरच्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. मात्र त्या दुःखाच्या भरपाईत वाघिणीला पिंजरा दिला असता तर कुणाला न्याय मिळाला असता?

शंकेखोर : ‘तिच्या हद्दीत’ म्हणालात. ती हद्द नकाशावर कुणी आखली? वाघिणीनं तर नाही. कोअरमध्ये सहा गावं होती. बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव, रानतळोधी. २००७पासून ती एकेक करून उठवायला लागले. आज तुम्ही जामणीच्या कुरणात वाघाचा फोटो काढता. ते कुरण म्हणजे कुणाचं तरी शेत होतं. तिथं चितळं का जमतात? नांगरून मऊ केलेली जमीन आहे, झाडं काढलेली आहेत, पाणी आहे, म्हणून गवत चांगलं येतं. म्हणजे गोंड-माना कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या जी जमीन तयार केली, तिच्यावर तुमची उत्तम सायटिंग होते. तुमच्या गाइडनं हे तुम्हाला कधी सांगितलं का?

व्याघ्रप्रेमी : सांगितलं. माझा गाइड त्याच बाजूचा होता, आणि त्यानं मला आणखीही एक गोष्ट सांगितली जी तुम्हाला आवडणार नाही. त्याच्या आत्याचं घर आतल्या गावात होतं. पावसाळ्यात बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं म्हणजे बैलगाडी, आणि रात्री नाहीच. मुलगी सातवी झाली की शाळा संपली. लोकांनीच उठायचं म्हटलं, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांनी म्हटलं असेल असं मी म्हणत नाही. पण २००८नंतर कुटुंबामागे दहा लाखांचं पॅकेज आलं, पुढे ते पंधरा लाख झालं, आणि त्याआधी एक लाखावर बोळवण व्हायची हे लक्षात घ्या. जंगलात राहणं म्हणजे आनंदी आदिवासी जीवन, हे चित्र शहरातल्या माणसानंच काढलेलं आहे. तिथल्या तरुणाला मोटरसायकल हवी होती आणि मोबाइलला रेंज हवी होती.

शंकेखोर : त्यात आवडण्या-न आवडण्याचं काय? पोरांना रेंज हवी होती, हे अगदी खरं असणार. मी विचारतो की रस्ता, शाळा आणि दवाखाना गावात नेता येत नव्हता का? जंगल कायद्यानं रस्ता अडवला, रस्ता नाही म्हणून नर्स आली नाही, नर्स नाही म्हणून लोक निघाले, आणि कागदावर लिहिलं ‘ऐच्छिक पुनर्वसन’. आणि देवाचं बघा. तलावाच्या काठी ताडोबाचं ठाण आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख, अशी गोंडांची कथा. पौषात लोक दर्शनाला येतात. त्यांना आता परवानगी लागते, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. तुम्हाला रोज दोन फेऱ्या आहेत, सकाळची आणि दुपारची, मंगळवार सोडून.

व्याघ्रप्रेमी : हे बोचलं, आणि बोचायलाच हवं. तरी एक सांगतो, त्याच ठाणाचा विचार करताना मला नेहमी वाटतं की या गोष्टीत दोघांनाही जागा आहे. मेलेल्या माणसाची पूजा होते आणि वाघालाही गोंड वाघोबा म्हणून पुजतात. वाघानं आमचा माणूस मारला म्हणून वाघ संपवा, असं त्या परंपरेत कुठे नाही.

शंकेखोर : त्या परंपरेत वाघ मारायची मुभा होती, हे तुम्ही विसरता. पुजायचंही आणि फारच झालं तर गावानं मिळून निकाल लावायचाही. पूजा ठेवून दुसरं काढून घेतलंत, आणि वर म्हणता तुमची सहनशीलता किती थोर.

व्याघ्रप्रेमी : बरं. मग मी माझं हुकमाचं पान टाकतो. वाघ नसता तर हे जंगल असतं का? चंद्रपूर हा कोळशाचा जिल्हा आहे. ताडोबाच्या दक्षिणेला दुर्गापूरच्या खुल्या खाणी आहेत, बाजूला २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. २००९च्या सुमारास लोहाऱ्याच्या जंगलात कोळसा खाणीचा प्रस्ताव होता. चंद्रपूरची पोरं उपोषणाला बसली, लोक रस्त्यावर आले, आणि खाण थांबली. ती कशाच्या जोरावर थांबली? झाडांच्या नावानं? तलावांच्या नावानं? नाही, वाघांचा मार्ग तुटेल या मुद्द्यावर थांबली. सरकारदरबारी तेंदूचं वजन नाही, मोहाचं नाही, तुमच्या मामा तलावाचं तर मुळीच नाही. वजन आहे ते वाघाचं. वाघ उभा आहे म्हणून त्याच्या सावलीत तुमचा तेंदूही उभा आहे. ज्या दिवशी कुणी ठरवेल की इतके वाघ नकोत, त्या दिवशी पहिला फायदा सिंदेवाहीच्या शेतकऱ्याला होणार नाही. पहिला अर्ज खाणीचा येईल.

शंकेखोर : याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. लोहारा वाचलं ते वाघामुळे, हे मी नाकारू शकत नाही, आणि खाणीनं जेवढी गावं उठवली तेवढी वाघानं उठवली नाहीत हेही खरं. पण या युक्तिवादाची दुसरी बाजू दिसते का तुम्हाला? तुम्ही म्हणता वाघ हा जंगलाचा रखवालदार. मग त्या रखवालदाराचा पगार कोण देतं? वीज केंद्राच्या आवारात वाघ फिरतात. २०२२ साली त्याच परिसरात पाळी संपवून सायकलीनं घरी निघालेला एक कामगार वाघानं मारला. ती वीज मुंबईत जळते. वाघाचे फोटो मुंबईत टांगले जातात. मेला तो चंद्रपूरचा कंत्राटी कामगार. खाण आणि वाघ यांत तुम्ही मला निवडायला लावता, आणि दोन्हींचा हप्ता मात्र माझ्याच दारातून वसूल होतो.

व्याघ्रप्रेमी : हप्ता एकट्याच्या दारातून जाऊ नये म्हणून तर पर्यटन आहे. २०१२च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या कोअरमधलं पर्यटन काही महिने बंद ठेवलं होतं, ऑक्टोबरात ते नियमांसह सुरू झालं. कोअरच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनाला उघडायचा नाही, असा दंडक आला. त्या तीन महिन्यांत गेटाशेजारच्या मोहर्लीत काय अवस्था झाली होती, ते तिथल्या लोकांना विचारा. आधी बांबू तोडणारी पोरं आता गाइड आहेत, जिप्सीचालक आहेत. मोहर्लीच्या बायका गाइड झाल्या, काही जिप्सी चालवतात. गेटावरचा पैसा प्रकल्पाच्या प्रतिष्ठानात जातो आणि बफरमधल्या गावांवर खर्च होतो. २०१५पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत गॅस, सौरकुंपण वगैरे मिळतं. माणूस गेला तर कुटुंबाला मिळणारी मदत पंचवीस लाखांवर गेली आहे.

शंकेखोर : मोहर्लीत काय बदललं ते मी पाहिलं आहे, आणि चांगलंच बदललं आहे. रिसॉर्टांच्या जमिनी कुणाच्या नावावर आहेत हा वेगळा विषय, तो आज सोडतो. माझा मुद्दा भूगोलाचा आहे. पैसा गेटाच्या रस्त्यावर पडतो. वाघ मात्र गेटाचा रस्ता पाहून राहत नाही. सिंदेवाहीच्या पलीकडच्या गावात वाघ आहे, पण पर्यटक नाही. बफर नाही म्हणून प्रतिष्ठानाचा पैसा नाही. तिथं रानडुक्कर धान उकरतं म्हणून शेतकरी रात्रभर माळ्यावर जागल करतो. जागलीला जाताना वाघाचं भय, नाही गेलं तर डुकराचं. मग कुणी तरी कुंपणात करंट सोडतो आणि डुकराऐवजी वाघ मरतो. मग त्या शेतकऱ्याला अटक होते आणि बातमी येते ‘शिकाऱ्यांचा सुळसुळाट’. पंचवीस लाखांबद्दल म्हणाल तर ती मदत मेल्यावरची आहे. जागलीच्या हजार रात्रींचे पैसे कुठल्या योजनेत बसतात?

आणि पर्यटनानं वाघाबद्दल प्रेम वाढतं म्हणता, तर २०२४च्या ३१ डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडल्यात काय झालं? जिप्सींनी वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना दोन्ही बाजूंनी कोंडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

व्याघ्रप्रेमी : ते लाजिरवाणं होतं, त्यावर दुमत नाही. म्हणूनच कोअरमध्ये मोबाइल नको, रात्रीचं पर्यटन नको, असे आदेश येत गेले. पण गेटाच्या रस्त्याचं तुमचं म्हणणं मला पटतं. खरं तर पैसा वाटायचा तो पर्यटकांच्या संख्येवर नव्हे, वाघांच्या वावरावर. कॅमेरा ट्रॅपमध्ये कुठल्या शिवारात किती वाघ दिसले हे दरवर्षी कळतं. तो नकाशा समोर ठेवून गावांना हिस्सा द्यायचा. हे होऊ शकतं.

दुसरं, वाघ हलवणं. ताडोबा हे उगमस्थान आहे. दोन वर्षांचा वाघ आईपासून वेगळा झाला की त्याला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो. वाटा मोकळ्या असत्या तर ते स्वतःच गेले असते. टिपेश्वरचा एक वाघ २०१९ला हजाराच्या वर किलोमीटर चालून ज्ञानगंगेला पोचला, ब्रह्मपुरीकडचा एक ओडिशाला गेला. पण आता मधे कालवे आलेत, रुंद रस्ते आलेत, बल्लारशा-गोंदिया रेल्वे आहे. २०१८ला त्या मार्गावर गाडीखाली तीन पिल्लं एकदम मेली. म्हणून गाडीत घालून न्यावं लागतं. २०२३ला वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, २०२५च्या नोव्हेंबरात ताडोबाची एक वाघीण सह्याद्रीत चांदोलीला नेली. तिकडचं जंगल रिकामं आहे, इकडचं दाटलंय.

शंकेखोर : झीनतची गोष्ट आठवते का? ताडोबातून सिमलीपालला नेलेली वाघीण. तिथून निघाली, झारखंडातून बंगालात गेली, तीनेक आठवडे तीन राज्यांची वनखाती तिच्या मागे, शेवटी बांकुड्यात बेशुद्ध करून परत. वाघीण म्हणजे टपालाचं पाकीट नाही, पत्ता लिहिला की तिथंच पडेल. शिवाय तुम्ही वर्षाला दोन-चार नेता, पिल्लं त्याहून जास्त होतात. उरलेल्यांसाठी नागपूरच्या गोरेवाड्याचे पिंजरे. तिथं जन्मभर सिमेंटवर फेऱ्या मारणारा वाघ हा तुमच्या यशाच्या आकड्यात धरता की नाही?

म्हणून मी तो प्रश्न विचारतो जो तुमच्यातलं कुणी विचारू देत नाही. या जिल्ह्यात किती वाघ पुरे?

व्याघ्रप्रेमी : विचारू देत नाही, कारण एकदा आकडा ठरला की तो खालीच जातो. आज तुम्ही दीडशे म्हणाल. उद्या एखादा मंत्री शंभर म्हणेल, परवा खाणवाला पन्नास. नसबंदी करा, मारा, अशा सूचना आजही अधूनमधून येतातच. वाघाची संख्या भक्ष्यावर आणि जागेवर ठरते, निसर्ग ते ठरवतो. कोअरमध्ये मोठ्या नरांच्या लढाईत लहान मरतात, ते होऊ द्यायचं.

शंकेखोर : निसर्ग ठरवतो? उन्हाळ्यात सौरपंपानं पाणवठे भरता, गावं उठवून कुरणं केलीत, शिकार बंद केलीत, माझ्या गाईला वाघानं मारलं तर नुकसानभरपाई देऊन गाय वाघाला विकत घेता. हे सगळं माणसानं ठरवलेलं आहे. मग ठरवण्यात निसर्गाचं नाव पुढे करून एका बाजूच्या माणसांनाच तेवढं का वगळता? आणि मी आकडा सांगणार नाही. दीडशे म्हणालो की मीही तुमच्यासारखाच कुणाच्या तरी वतीनं ठरवणारा झालो. मला आकड्यापेक्षा ठरवणाऱ्यात रस आहे. गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ला वनहक्क कायद्याखाली त्यांना सुमारे हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू ते स्वतः विकतात. आणि तेंदूतोड त्यांनी स्वतः बंद केली, फांद्या छाटाव्या लागतात, आग लावावी लागते, जंगलाचं नुकसान होतं म्हणून. वनखात्यानं नाही सांगितलं. ग्रामसभेनं ठरवलं. तेंदू बंद म्हणजे मे महिन्याच्या पहाटे बाई जंगलात नाही. तुमचे कॅमेरे, दलं, भोंगे यांनी जे झालं नाही ते त्या ठरावानं झालं.

व्याघ्रप्रेमी : बांबूचं उत्पन्न होतं म्हणून तेंदू सोडणं परवडलं. ज्या गावाच्या जंगलात बांबू नाही ते काय सोडणार? तरी उदाहरण चांगलं आहे, मी घेतो ते. मग तुमची मागणी नेमकी काय?

शंकेखोर : कुठलं कंपार्टमेंट यंदा तेंदूला बंद ठेवायचं, वाघ हलवायचा की ठेवायचा, पिंजरा लावायचा की नाही, या प्रत्येक गोष्टीला ग्रामसभेचा ठराव लागावा. माहिती देण्यापुरता नाही, बंधनकारक.

व्याघ्रप्रेमी : नकारही बंधनकारक? आणि ज्या गावाच्या तीन बायका काल गेल्या, त्या गावाची सभा आज भरली तर?

शंकेखोर : तर ते ‘न्या’ म्हणतील. म्हणू द्या.

व्याघ्रप्रेमी : आणि मग खाणवाला त्याच सभेत येऊन बसेल.

शंकेखोर : येऊ द्या की. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ला बारा ग्रामसभांना विचारलं, बाराही सभांनी बॉक्साइटला नाही म्हटलं. ग्रामसभा विकली जाते हे गृहीत धरायचं आणि मंत्रालय विकलं जात नाही हेही गृहीत धरायचं, हे कुठलं गणित?

व्याघ्रप्रेमी : नियमगिरीचा डोंगर त्यांचा देव होता आणि त्यांच्यावर कुणी हल्ला करत नव्हता. सिंदेवाहीत वाघ देवही आहे आणि मारणाराही. तिथं सभेचा पहिला ठराव काय येईल याची मला भीती वाटते, ती मी लपवत नाही. दहा वर्षांनी कदाचित तीच सभा पाचगावसारखं वागेल. मधल्या वर्षांत किती वाघ जातील, आणि एकदा वाघ गेला की लोहाऱ्यासारखा दुसरा प्रस्ताव कोण थांबवील, याचा जिम्मा तुम्ही घेता का?

शंकेखोर : नाही घेऊ शकत. मधल्या वर्षांत किती माणसं जातील याचा जिम्मा तुम्ही घेता?

व्याघ्रप्रेमी : तोही कुणी घेत नाही, हे खरं. मी एवढं मानतो की तेंदूचा निर्णय ग्रामसभेकडे पूर्णपणे जावा, आणि बंद ठेवल्याचे पैसे वाघांच्या वावराच्या नकाशावरून त्या गावाला मिळावेत, पुढच्या हंगामाआधी. तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूनं सही करीन. पिंजऱ्याच्या ठरावावर नाही.

शंकेखोर : म्हणजे जंगल कधी बंद ठेवायचं ते आम्ही ठरवायचं, आणि वाघ कधी न्यायचा ते तुम्ही.

व्याघ्रप्रेमी : सध्या तरी, हो.